टॉवरशी बोलावं कसं?

विमान शिकायला लागलं की काही आठवड्यांत हात बसतो. तोंड बसायला मात्र वेळ लागतो. दिवसभर इंग्रजीतून मीटिंगा चालवणारा माणूस माइकचं बटण दाबताच आपल्याच विमानाचा नंबर विसरतो आणि त त प प करू लागतो. अमेरिकेत नोकरीनिमित्त स्थायिक होऊन शनिवार-रविवारी हौसेनं उडायला शिकणारे असोत, की कमर्शियल लायसन्ससाठी भारतातून फ्लोरिडा-टेक्साससारख्या ठिकाणी गेलेली मुलं असोत, बऱ्याच जणांची पहिली गाठ पडते ती छोट्या, पण टॉवर असलेल्या विमानतळाशी. तिथे मोठी प्रवासी विमानं सहसा नसतात, पण सेसना, पायपर आणि फ्लाइंग स्कूलची विमानं सकाळपासून घिरट्या घालत असतात, आणि सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलत असतात.

या गर्दीत छान इंग्रजी बोलण्याला फारशी किंमत नाही. तुम्ही कुठे आहात आणि पुढे काय करणार आहात, याचं चित्र तुमच्या आणि कंट्रोलरच्या डोक्यात एकसारखं असलं की झालं. ते जुळत नाही अशी शंका आली तर विचारायचं. समजलं नसताना ‘हो’ म्हणायचं नाही. बाकीचे सगळे नियम या दोन वाक्यांच्या आधारानं लक्षात ठेवता येतात.

टॉवरला काय दिसतं?

अमेरिकेत अशा विमानतळाभोवतीचं आकाश बहुधा ‘क्लास डी’ प्रकारात मोडतं. नकाशावर ते निळ्या तुटक रेषेनं दाखवलेलं असतं. साधारण चार नॉटिकल मैलांची त्रिज्या आणि जमिनीपासून सुमारे 2,500 फुटांपर्यंतची उंची, असा त्याचा ढोबळ आकार. नेमका आकार जागेनुसार बदलतो, म्हणून नकाशा बघायचाच.

टॉवरचं मुख्य काम धावपट्टी सांभाळण्याचं. कोण आधी उतरणार, कोण थांबणार, कोणी कोणाच्या मागे यायचं, हे तो ठरवतो. पण डोळ्यांनी बघून, म्हणजे व्हीएफआर नियमांनी, उडणाऱ्या दोन विमानांमध्ये हवेत ठरावीक अंतर राखून देण्याची हमी क्लास डीमध्ये मिळत नाही. कंट्रोलर आजूबाजूच्या विमानांची माहिती देतो; बघणं आणि टाळणं हे तुमचं काम. टॉवरशी बोलणं झालं म्हणजे आपली काळजी आता दुसरं कोणी घेतंय, असं समजून मान खाली घालून बसू नका.

दुसरी गोष्ट बऱ्याच नवख्यांना माहीत नसते. अमेरिकेतले अडीचशेहून जास्त छोटे टॉवर एफएए ही तिथली विमान वाहतूक नियामक संस्था कंत्राटदारांकरवी चालवते, आणि छोट्या टॉवरपैकी अनेकांत रडारचा पडदा नसतो. तिथे कंट्रोलर काचेतून बघतो, दुर्बीण लावतो आणि तुम्ही सांगितलेल्या जागेवरून तुम्हाला शोधतो. उत्तरेला असताना घाईत ‘साउथ’ म्हणालात, तर तो भलत्याच दिशेला बघत बसतो. तुमच्या चुकीच्या जागेभोवती तो बाकीच्यांची रांगही लावू लागतो. म्हणून जागा सांगण्यापूर्वी एकदा नकाशाकडे आणि एकदा होकायंत्राकडे नजर टाका, मगच बोला.

बटण दाबण्याआधी

उदाहरणासाठी कॅलिफोर्नियातलं लिव्हरमोर घेऊ. इथे दोन समांतर धावपट्ट्या आहेत: लांब 25 राइट आणि तिच्या साधारण निम्म्या लांबीची 25 लेफ्ट. वारा पश्चिमेकडून असला की याच वापरात असतात. समजा, तुम्ही नैर्ऋत्येकडून, सुनोल गावाच्या बाजूनं येताय.

आधी एटीआयएस ऐका. वारा, दृश्यमानता, ढग, अल्टिमीटर, चालू धावपट्टी ही सगळी माहिती त्या ध्वनिमुद्रित निवेदनात असते आणि प्रत्येक नव्या निवेदनाला पुढचं अक्षर मिळतं. समजा, अक्षर आहे ‘किलो’. ते गुडघ्यावरच्या वहीत लिहा. मग टॉवरची फ्रिक्वेन्सी लावा आणि लगेच बोलू नका. थोडा वेळ नुसतं ऐका. कोण कुठे आहे, कुठली धावपट्टी मिळतेय, कंट्रोलर किती घाईत आहे, हे तेवढ्यात कळतं.

दुसऱ्याचं बोलणं चालू असताना बटण दाबलं तर दोघांचंही वाया जातं. फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोन प्रक्षेपणं एकमेकांवर आदळली की इतरांना फक्त कर्कश किंचाळी ऐकू येते. कंट्रोलरनं कोणाला प्रश्न विचारला असेल, तर त्याचं उत्तर येईपर्यंतही थांबा.

पहिल्या कॉलमध्ये पाच गोष्टी याच क्रमानं सांगायच्या: कोणाला बोलावताय, तुम्ही कोण, कुठे आहात, काय करायचंय आणि एटीआयएसचं अक्षर.

“लिव्हरमोर टॉवर, सेसना वन टू थ्री अल्फा ब्राव्हो, ओव्हर सुनोल, टू थाउजंड फाइव्ह हंड्रेड, लँडिंग, विथ किलो.”

एवढंच. ‘गुड मॉर्निंग सर’, ‘वी वुड लाइक टू’ अशी प्रस्तावना नको. फ्रिक्वेन्सी फार गजबजलेली असेल, तर नुसतं टॉवरचं आणि आपलं नाव घेऊन थांबलं तरी चालतं. बाकीचं तो विचारेल. हा पहिला कॉल विमानतळापासून साधारण 15 मैलांवर करावा, असं एफएएचं मार्गदर्शन सांगतं. लिव्हरमोरच्या आसपासच्या बे एरियासारख्या दाटीच्या भागात एवढं अंतर नेहमी मिळत नाही, पण हद्दीच्या तोंडाशी येऊन घाईघाईनं बोलण्यापेक्षा लवकर बोललेलं केव्हाही बरं.

आत जायला परवानगी कधी मिळाली?

क्लास डीमध्ये शिरण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी रेडिओसंपर्क झाला पाहिजे. कंट्रोलरनं तुमचा कॉलसाइन घेऊन उत्तर दिलं की तो झाला, असं नियम मानतो. “सेसना वन टू थ्री अल्फा ब्राव्हो, स्टँडबाय” एवढंच ऐकू आलं, तरी तुम्ही आत येऊ शकता. पण “एअरक्राफ्ट कॉलिंग लिव्हरमोर, स्टँडबाय” असं उत्तर आलं, तर त्यात तुमचं नाव नाही. मग बाहेरच राहायचं, गरज पडली तर वळून घिरटी घालायची. नाव घेऊनही “रिमेन आउटसाइड” सांगितलं असेल, तर अर्थातच बाहेर.

कॉलसाइन तोडायचा तो कंट्रोलरनं तोडल्यावरच. त्यानं “सेसना थ्री अल्फा ब्राव्हो” म्हटलं की तुम्हीही तसं म्हणा; त्याआधी पूर्ण नंबर. एकाच फ्लाइंग स्कूलच्या विमानांचे नंबर पुष्कळदा मिळतेजुळते असतात आणि एकाची सूचना दुसरा उचलतो.

परत म्हणून दाखवा, मग वागून दाखवा

सुनोलवरच्या कॉलला उत्तर येतं: “सेसना थ्री अल्फा ब्राव्हो, एंटर लेफ्ट डाउनविंड, रनवे टू फाइव्ह लेफ्ट, रिपोर्ट मिडफील्ड.” तुम्ही म्हणायचं: “लेफ्ट डाउनविंड, टू फाइव्ह लेफ्ट, रिपोर्ट मिडफील्ड, थ्री अल्फा ब्राव्हो.” यात ‘रॉजर’ कुठेही नाही. ‘रॉजर’चा अर्थ फक्त ‘तुमचं बोलणं पोचलं’ एवढाच. तो होकारही नाही आणि सूचना बरोबर समजल्याचा पुरावाही नाही. सूचना पाळणार असाल तर ‘विल्को’, हो किंवा नाही म्हणायचं असेल तर ‘अफर्मेटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’. धावपट्टीचा क्रमांक, उतरण्याची किंवा उड्डाणाची परवानगी आणि ‘होल्ड शॉर्ट’ मात्र नेहमी शब्दशः म्हणून दाखवायचं. ‘होल्ड शॉर्ट’ची सूचना तुम्ही धावपट्टीच्या क्रमांकासह परत म्हणाला नाहीत, तर कंट्रोलर ती तुमच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय सोडणार नाही.

जमिनीवरही हेच. 30 जून 2010 पासून अमेरिकेत वाटेत आडवी येणारी प्रत्येक धावपट्टी ओलांडायला स्वतंत्र, स्पष्ट परवानगी लागते. “टॅक्सी टू रनवे टू फाइव्ह लेफ्ट” म्हणजे वाटेतली दुसरी धावपट्टीही पार करा, असा अर्थ आता निघत नाही. त्याच वर्षी 30 सप्टेंबरपासून ‘पोझिशन अँड होल्ड’ जाऊन ‘लाइन अप अँड वेट’ आलं: धावपट्टीवर जा, मध्यरेषेवर उभे राहा, उडू नका. तिथे उभं असताना बराच वेळ काही ऐकू आलं नाही, तर गप्प बसू नका. आपण कुठे उभे आहोत ते सांगून विचारा.

पण सूचना बिनचूक परत म्हटली म्हणजे काम झालं असंही नाही. 17 जुलै 2022 रोजी नॉर्थ लास व्हेगास विमानतळावर एक पायपर आणि एक सेसना उतरता उतरता एकमेकांवर आदळली आणि दोन्ही विमानांतले मिळून चार जण गेले. तिथेही समांतर धावपट्ट्या आहेत. पायपरला 30 लेफ्ट मिळाली होती आणि वैमानिकानं तसं बरोबर म्हणूनही दाखवलं होतं. वळताना मात्र ते विमान 30 लेफ्टची रेषा ओलांडून पुढे गेलं आणि 30 राइटवर उतरणाऱ्या सेसनावर आदळलं. शब्द जुळले होते, विमान जुळलं नव्हतं.

समांतर धावपट्ट्यांवर होकायंत्र मदतीला येत नाही, कारण दोन्हींची दिशा एकच असते. मग उपयोगी पडते ती साधी भूमिती. लिव्हरमोरला दक्षिणेकडून लेफ्ट ट्रॅफिकमध्ये येताना जवळची पट्टी तुमची, पलीकडची दुसऱ्याची. बेस लेगवर असतानाच बोट करून स्वतःशी मोठ्यानं म्हणा, “जवळची, लेफ्ट.” वळण वेळेवर सुरू करा. वळताना रेषा हुकतेय असं वाटलं, तर गिरकी आणखी आवळू नका, कारण कमी वेगात आवळलेलं वळण जमिनीजवळ जिवावर बेतू शकतं. गो-अराउंड करा, पण पलीकडच्या पट्टीच्या बाजूला न सरकता.

‘ट्रॅफिक इन साइट’ जपून म्हणा

“नंबर टू, फॉलो द सेसना ऑन फायनल, रिपोर्ट ट्रॅफिक इन साइट.” असं आलं की नवखा वैमानिक क्षणभर समोर बघतो, एक ठिपका दिसतो आणि तो लगेच “इन साइट” म्हणून मोकळा होतो. त्या शब्दांबरोबर त्या विमानापासून अंतर राखण्याची जबाबदारी तुम्ही उचललेली असते. तो ठिपका भलतंच विमान असेल, तर कंट्रोलर निर्धास्त आणि तुम्ही चुकीच्या विमानाच्या मागे. खरंच दिसलं तरच ‘इन साइट’. शोधताय तर ‘लुकिंग’. सापडत नसेल तर ‘निगेटिव्ह कॉन्टॅक्ट’. मग तो तुम्हाला डाउनविंड लांबवायला सांगेल किंवा स्वतः “आय विल कॉल युअर बेस” म्हणेल. त्यानं असं म्हटल्यावर आपल्या मर्जीनं वळायचं नाही, तो सांगेल तेव्हाच.

साहेबाला नाही कसं म्हणायचं?

आपल्याकडे मोठ्या माणसासमोर, साहेबासमोर मान डोलावायची सवय लहानपणापासून लागलेली असते. पुन्हा विचारलं तर आपण मठ्ठ ठरू, नाही म्हटलं तर उद्धट ठरू, ही धास्ती. टॉवरमधला आवाज भारदस्त आणि घाईचा असतो, त्यामुळे ती सवय नेमकी तिथेच वर येते.

अमेरिकी नियम इथे सरळ तुमच्या बाजूनं आहेत. सूचनेबद्दल शंका असेल तर वैमानिकानं ताबडतोब खुलासा मागावा, असं 91.123 या कलमात लिहिलेलं आहे. म्हणजे न विचारणं हाच नियमभंग. आणि 91.3 सांगतं की विमानाबाबतचा अंतिम अधिकार आणि अंतिम जबाबदारी प्रमुख वैमानिकाची. कंट्रोलरला खिडकीतून तुमचा वेग दिसत नाही, आत बसलेल्या प्रवाशाचा पोटातला गोळा दिसत नाही, क्रॉसविंडमध्ये तुमची किती तयारी आहे हेही ठाऊक नसतं. त्यानं “मेक शॉर्ट अप्रोच” सांगितलं आणि तुम्ही उंच असाल, तर “अनेबल, थ्री अल्फा ब्राव्हो” एवढंच म्हणा. कारण सांगत बसू नका. तो दुसरी सोय करील, त्याचं ते रोजचंच काम आहे.

असे आणखी काही शब्द खिशात ठेवा. ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’. सगळं नाही, थोडंच निसटलं असेल तर ‘से अगेन रनवे’. विमानतळ अनोळखी असेल तर ‘अनफॅमिलियर’, आणि जमिनीवर वाट सापडत नसेल तर ‘रिक्वेस्ट प्रोग्रेसिव्ह टॅक्सी’. मग तो वळणावळणाला वाट सांगतो. शिकाऊ असाल तर पहिल्या कॉलमध्ये कॉलसाइननंतर ‘स्टुडंट पायलट’ जोडा. त्यात कमीपणा काही नाही. ते शब्द कानी पडले की कंट्रोलर बोलण्याचा वेग कमी करतो आणि तुमच्या मागेपुढे जरा जास्त जागा ठेवतो.

विमान सांभाळण्याची धांदल चालू असताना टॉवरनं काही विचारलं, तर उत्तराला दोन क्षण उशीर झाला तरी चालतो. आधी विमान, मग दिशा, बोलणं त्यानंतर.

उच्चार, वेग आणि कान

“माझा अ‍ॅक्सेंट त्यांना कळेल का?” हा प्रश्न मराठी विद्यार्थी हमखास विचारतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या भाषानिकषांतही चौथी, म्हणजे कामचलाऊ पातळी गाठणाऱ्याच्या उच्चारांवर मातृभाषेची छाप चालते. ऐकणाऱ्याला अडचण वरचेवर होऊ नये, एवढीच अट. आपली अडचण बहुधा उच्चारांपेक्षा वेगाची असते. घाबरल्यावर आपण भराभरा बोलतो. आकडे सुटे सुटे म्हणा, शेवटचा शब्द तोंडातल्या तोंडात गिळू नका, आणि बटण दाबल्यावर अर्धा क्षण थांबून बोला, नाही तर पहिलं अक्षर कापलं जातं.

ऐकण्याचा कानही अंदाजावर तयार होतो. दादरच्या फलाटावर रोज उभा राहणारा प्रवासी खरखरीत घोषणेतूनही आपली गाडी बरोबर पकडतो, कारण काय ऐकू येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. टॉवरकडून पुढची सूचना कोणती येऊ शकते, याचा अंदाज बांधून ठेवा. आलेले शब्द आपोआप जागच्या जागी बसतील. मात्र अंदाजच खरा धरू नका. 25 लेफ्टची वाट बघत असताना ‘25 राइट’ आलं, तर कान तिथेच टवकारले पाहिजेत.

भारतात शिकून अमेरिकेत किंवा तिथून शिकून भारतात येणाऱ्यांनी काही फरक ध्यानात ठेवावेत. भारतात ‘क्यूएनएच’ हेक्टोपास्कलमध्ये मिळतो, अमेरिकेत ‘अल्टिमीटर’ इंचांमध्ये, ‘थ्री झीरो झीरो वन’ असा. फ्रिक्वेन्सी सांगताना भारतात ‘डेसिमल’, तिथे ‘पॉइंट’. भारतात रेडिओवर बोलण्यासाठी आरटीआर हे वेगळं प्रमाणपत्र लागतं. अमेरिकेच्या हद्दीत उडणाऱ्या खासगी वैमानिकाला स्वतंत्र रेडिओ परवाना लागत नाही, पण इंग्रजी वाचता, लिहिता, बोलता आणि समजता आलं पाहिजे, ही लायसन्सचीच अट आहे.

गडबड झालीच तर

उतरल्यावर धावपट्टीबाहेर पडा, शेपटीसकट पूर्ण विमान होल्ड लाइनच्या पलीकडे न्या आणि मग थांबा. टॉवरनं सांगितल्याशिवाय ग्राउंडच्या फ्रिक्वेन्सीवर जाऊ नका.

रेडिओ बंद पडला, तर आधी आवाजाचं बटण, हेडसेटचा प्लग आणि फ्रिक्वेन्सी तपासा. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. खरंच बंद असेल तर ट्रान्सपाँडरवर 7600 लावा, वाहतुकीचा ओघ बघून पॅटर्नमध्ये या आणि टॉवरच्या दिव्याकडे लक्ष ठेवा. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा. लुकलुकणारा हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या, घिरट्या चालू ठेवा. लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित आहे, उतरू नका. दिवसा पंख हलवून, रात्री दिवे लुकलुकवून उत्तर द्यायचं. ही खुणांची यादी कॉकपिटमध्ये हाताशी चिकटवून ठेवा. ऐनवेळी आठवत नाही.

चूक झाली आणि टॉवरनं “पॉसिबल पायलट डेव्हिएशन” म्हणून फोन नंबर दिला, तर हवेत वाद घालू नका. नंबर लिहून घ्या, शांतपणे उतरा आणि प्रशिक्षकाशी बोलून मग फोन करा. नासा 1976 पासून चालवत असलेल्या एएसआरएस या सुरक्षा-अहवाल योजनेत 10 दिवसांच्या आत प्रामाणिक अहवाल पाठवा. अजाणता झालेल्या चुकीसाठी, योजनेच्या अटींत बसत असेल तर, शिक्षेतून सूट मिळू शकते.

सराव कसा करायचा?

घरी लाइव्हएटीसी या संकेतस्थळावर आपल्याच विमानतळाची फ्रिक्वेन्सी लावा. समोर कागदावर धावपट्ट्या काढा आणि ऐकू येणारं प्रत्येक विमान त्यावर पेन्सिलीनं मांडा. दुसऱ्याला मिळालेली सूचना त्याच्याआधी तुम्ही मोठ्यानं परत म्हणून बघा. आठवडाभरात कुठल्या वाक्यानंतर कुठलं वाक्य येतं, हे तोंडपाठ होईल. शक्य असेल तर आधी फोन करून टॉवर बघायला जा. वरून दुर्बिणीतून एक पांढरी सेसना दुसऱ्या पांढऱ्या सेसनापासून ओळखणं किती कठीण आहे, हे एकदा पाहिलं की पुढच्या वेळी तुम्ही आपली जागा नीट सांगाल.

आणि निघण्यापूर्वी टॉवरच्या वेळा तपासा. अनेक छोटे टॉवर रात्री बंद होतात. त्यानंतर तिथे परवानगी द्यायला कोणी नसतं; बहुधा तीच फ्रिक्वेन्सी सगळ्या वैमानिकांची सामाईक होते आणि प्रत्येक जण आपली जागा स्वतःच जाहीर करतो. उत्तर आलं नाही म्हणून तिथे पुन्हा पुन्हा टॉवरला हाका मारू नका. डाउनविंड, बेस, फायनल असं सांगत उतरा. पाच गोष्टींच्या क्रमाचा सराव झालेला असेल, तर तिथेही नवं काही शिकावं लागत नाही. फक्त पहिल्या शब्दात ‘टॉवर’ऐवजी ‘ट्रॅफिक’ येतं.